कोनाड्यातली वाटी

मागच्या पडवीत न्हाणीच्या भिंतीला एक कोनाडा होता. त्यात एक जर्मनचं ताट, एक गिलास आणि एक वाटी पालथी घातलेली असायची. खाली सुंभाची बाज. घरातली बाई पाळीत बाजूला बसली की ती बाज तिची आणि ती भांडी तिची. एरवी त्यांना कोणी हात लावायचा नाही. खुशी लग्न होऊन या घरात आली, तेव्हा ती भांडी पाहून तिला वाटलं होतं, घरातल्या कुणा गेलेल्या माणसाची असावीत.

दिवाळीनंतर त्या ताटावर कोळ्यानं जाळं धरलं.

न्हाणीत जाता-येता खुशीला ते दिसायचं आणि तिला हायसं वाटायचं. मग एका सकाळी जाळं नव्हतं, ताटही नव्हतं. राखेनं लखलखीत घासून ते आत फडताळावर बाकीच्या ताटांमध्ये लावलेलं होतं. सासूबाई, वच्छलाबाई, चुलीपुढं भाकर थापत होत्या. त्यांची नजर खुशीच्या पोटाशी येऊन जरा थांबली आणि परत तव्याकडे गेली. थापता थापता त्या स्वतःशीच हसत होत्या.

या घरानं काय समजून घेतलं आहे, ते खुशीला त्या क्षणी कळलं.

पोटात कोणी नव्हतं. हे फक्त तिला ठाऊक होतं.

मागच्या होळीला होतं. पाचवा महिना होता. तेव्हा घरानं काहीच झाकून ठेवलं नव्हतं. सासरे विठ्ठलराव पार बोरी अरब गावच्या सोयऱ्यांना पेढे देऊन आले होते. धुळवडीच्या दिवशी पोटात कळ आली, आणि यवतमाळला पोचेपर्यंत गाडीची सीट भिजून गेली. रक्ताच्या बाटल्या लागल्या. खुशी शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरीणबाई सासूबाईंना सांगत होत्या, "हिच्या अंगात रक्तच नाही, आजी. दोन वर्षं जाऊ द्या. त्याआधी राहिलं, तर हिच्या जिवाचं मी काही सांगू शकत नाही." सासूबाईंनी मान हलवली होती. घरी आल्यावर ते दोन वर्षांचं बोलणं पुन्हा कोणी काढलं नाही. बाळाला शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, पळसाखाली पुरलं होतं, त्याचं नावही कोणी काढलं नाही.

नागपंचमीच्या सुमारास घाटंजीच्या बाजारात गेलेली खुशी भाजीची पिशवी घेऊन सरकारी दवाखान्यात शिरली. तिथल्या ममता सिस्टरनं तिला तीन महिन्यांची सुई दिली. मूल न राहण्याची. "पहिले कधीही डाग पडतील," सिस्टर म्हणाली होती, "मग पाळी थांबूनच जाईन. घाबरू नको, त्यात वाईट काही नाई. तुहं रक्त वाचते उलट. सुई सोडली की काही महिन्यांनी सगळं परत सुरू होते. फक्त तारीख सांभाळ. महिनाभर उशीर झाला तं चालते, त्याच्यापुढं भरवसा नाई." दसरा-दिवाळीच्या मध्ये खुशीनं दुसरी सुई घेतली. आता तिसरी संक्रांतीच्या आसपास.

नवऱ्याला, अमरला, तिनं सांगितलं नव्हतं. तो राळेगावकडच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात हंगामभर राहायचा, सणावाराला यायचा, आणि त्याला काहीही विचारलं तरी त्याचं एकच असायचं, "माय काय म्हन्ते?" सरकारी दवाखान्याचं काम पाहणारी गावातली आशाताई सासूबाईंच्या नात्यातली, म्हणून तिलाही नाही. खुशीनं सगळ्या बाजूंनी विचार केला होता. एकच बाजू सुटली. या घरात पाळी ही बाईची एकटीची गोष्ट नव्हती. बाज रिकामी आहे की नाही, हे अंगणात बसलेल्या विठ्ठलरावांनाही दिसायचं.

कोणी विचारलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. पण कोणी विचारत नव्हतं. मागच्या वेळी गावभर बोललं म्हणून नजर लागली, अशी वच्छलाबाईंची पक्की समजूत होती. या वेळी ते कोणी तोंडातून काढायचं नाही. एकमेकांपाशीही नाही, सुनेपाशीही नाही. न बोलता घर त्याच्यासाठी जागा करायला लागलं.

कापूस वेचायला गेली तेव्हा खुशीनं नेहमीसारखी, वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधली. चार झाडं झाली नसतील, सासूबाई मागून आल्या, गाठ सोडली, आणि तीच ओटी स्वतःच्या कमरेला बांधून पुढं निघाल्या. खुशी बांधावर बसून राहिली. दुपारपर्यंत ओटी भरत गेली. साठी ओलांडलेली ती वाळकी बाई, पुढं पांढरं गच्च पोट, एक हात त्याला खालून आधार देत असलेला, तासातून, झाडांच्या दोन ओळींमधून, हळूहळू चालत येत होती. धुऱ्यावर तो पळस होता.

"काहो वच्छलाबाई," पलीकडच्या तासातून मैनाबाई ओरडली, "कितवा लागला?"

बाया खळखळून हसल्या. वच्छलाबाई जागच्या जागी थांबल्या. पळसाकडे पाहिलं. मग मैनाबाईपाशी जाऊन इतक्या हळू आवाजात बोलल्या की हसणं आपोआप बंद पडलं.

"इथं नको बोलू. आयकते ते."

"कोण आयकते?" मैनाबाईनं विचारलं. वच्छलाबाई ओटी सावरत पुढच्या झाडाकडे वळल्या.

त्या दिवसानंतर खुशीला शेतात नेलं नाही. बाजारातही नाही. "मी आणतो ना, काय पाह्यजे तुले?" सासूबाई म्हणायच्या. तिच्या उशीखाली एक विळा आला. दाराला काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला गेला. विठ्ठलराव अंगणात बसून सुताची जाड दोरी वळायला लागले. आढ्याला अजून पाळण्याच्या कड्या होत्या.

"कायची दोरी हो मामाजी?"

"दोरी हाये," ते म्हणाले आणि वळत राहिले.

खुशी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली की सासूबाई दार लगेच लोटायच्या नाहीत. क्षणभर थांबायच्या. तिच्या मागून अजून कोणी यायचं आहे, असं.

आणि कोनाड्यात वाटी होती. ताट-गिलास आत गेले, वाटी तेवढी तिथंच राहिली होती. दिवेलागणीला सासूबाई तिच्यात मूठभर दूधभात ठेवायच्या. सकाळी वाटी चाटूनपुसून रिकामी असायची. पहिल्या दिवशी खुशीला वाटलं, मांजर असेल. पण या घरात मांजर टिकत नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. मग वाटलं, सासूबाईच पहाटे उठून काढून टाकत असतील. तिनं विचारलं नाही. विचारलं की बाकीचं सगळं बोलावं लागलं असतं.

अशा घरात राहिलं की माणसाला स्वतःच्या अंगाची खात्री राहत नाही. तिला तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास नकोसा झाला. सकाळी तोंडाला पाणी सुटायला लागलं. एकदा अंग धुताना तिनं पोटावर हात ठेवला आणि तिथंच उभी राहिली. सुई फसली असेल का? कधी फसते का? आणि फसली असेल, तर डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य. आत असलं तरी भीती, नसलं तरी भीती. नसेल, तर महिनाभरात नक्की असेल. संक्रांतीला अमर येणार होता, चांगला चार-सहा दिवस राहणार होता, आणि सुईची तारीख होऊन गेली होती. उरलेली मुदत सरत चालली होती. जे मूल नव्हतं, त्याला जपण्यासाठी तिला घरात ठेवलं होतं, आणि त्यामुळेच खरं मूल येणार होतं. डॉक्टरीणबाईंचं खरं मानलं, तर ते मूल आईला घेऊन जाणार होतं.

फोनला रेंज फक्त अंगणातल्या ओट्यावर यायची. मागं विठ्ठलराव दोरी वळत बसलेले.

"मले घाटंजीले जाचं हाये," ती अमरला म्हणाली.

"कायले?"

"हाये काम."

"मायले घेऊन जा ना मंग."

"तुमी सांगा ना त्यायले, एकटी जाऊ द्या म्हणून."

पलीकडं मशीनचा आवाज होता. अमर मशीनपासून जरा बाजूला गेला. मग आवाज खाली करून म्हणाला, "माय म्हन्ते, या वेळी काहीच बोलाचं नाई म्हणून. म्हणून मी बोलून नाई राह्यलो. तू बी नको बोलू. सांभाळ तू." आणि फोन ठेवताना तोही हसला, अगदी त्याच्या आईसारखा.

संक्रांत तोंडावर आली. वच्छलाबाई पडवीत सुपात तीळ पाखडत होत्या. खुशी न्हाणीतून आली आणि आत न जाता सरळ बाजेवर जाऊन बसली. कालपासून तिनं हेच ठरवलं होतं. यापेक्षा सोपं काही नव्हतं. आधीच करायला हवं होतं. बाजूला बसायचं, ताट बाहेर येईल, घर थोडं हिरमुसेल, आणि पुढच्या बाजाराला तिला पिशवी घेऊन जाता येईल.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मले शिवू नका."

सूप हातातून सुटलं. तीळ पडवीभर पसरले.

वच्छलाबाईंचा चेहरा पाहिला तेव्हा खुशीला आपली चूक कळली. जिच्या पोटात मूल आहे, ती बाजेवर बसली, याचा अर्थ एकच होतो.

आणि मग जे झालं, ते त्या बाजेनं कधी पाहिलं नसेल. उभ्या हयातीत बाजूला बसलेल्या बाईची सावली अंगावर न पडू देणाऱ्या वच्छलाबाई तीळ तुडवत आल्या आणि त्यांनी खुशीला दोन्ही हातांनी धरलं. तिच्याजवळ त्याच गोधडीवर बसल्या.

"किती जाऊन राह्यलं? पोरी, किती जाऊन राह्यलं?"

इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा ते बोलून दाखवलं होतं. खुशी आपल्याला धरलेल्या त्या हातांकडे पाहत राहिली.

"अहो!" सासूबाई ओरडल्या. "गाडी पाहा! मी म्हन्तो गाडी पाहा पहिले!"

विठ्ठलराव दोरी टाकून उठले आणि या वयात पळत सुटले.

ऑटो घाटंजीच्या रस्त्याला लागला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वच्छलाबाईंचा एक हात खुशीच्या खांद्यामागून होता आणि दुसऱ्याचा तळवा तिच्या पोटावर दाबून धरलेला. आतलं काही सांडू नये म्हणून धरावा तसा. त्या पुटपुटत होत्या. ऑटोच्या आवाजात खुशीला आधी कळलं नाही. मग कळलं.

"नको जाऊ. आता नको जाऊ. तुले काय कमी केलं मी? रोज ठेवलं ना?"

त्या खुशीशी बोलत नव्हत्या.

आणि त्या तळव्याच्या खाली, खुशीच्या पोटात, काहीतरी हललं. माशानं पाण्यात अंग वळवावं, तसं. एकदाच.

"लागलं हाताले," वच्छलाबाई म्हणाल्या. "हाये. अजून हाये."

दवाखान्यात ममता सिस्टरनं खुशीला एकटीला आत घेतलं, पडदा ओढला. "रक्त कधीपासून जाते?"

"नाई जाऊन राह्यलं," खुशी म्हणाली. "मी सुई घ्याले आली."

सिस्टरनं तिच्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं. बाहेरून वच्छलाबाईंचं रडणं ऐकू येत होतं. "मग त्या कायले रडतात?"

खुशीनं सांगितलं. ताट, ओटी, दोरी, सगळं. सिस्टरला आधी हसू आलं. मग तिनं हसणं थांबवलं. "मी सांगतलं होतं ना तुले, पाळी थांबते म्हणून?"

"मले सांगतलं. घराले कोणी सांगतलं नाई."

"ते बी खरं हाये."

"सिस्टर, पण आत हाललं. आत्ता, ऑटोत. दोघींना समजलं."

सिस्टरनं कपाट उघडलं. लघवी तपासायची पट्टी दिली. पट्टीवर एक रेघ उमटली. दोघी थांबल्या. दुसरी रेघ आली नाही. "कोणी नाई," सिस्टर म्हणाली. "जेवली नाई तू, वरतून भ्याली. पोट वळते तसं." खुशी त्या एका रेघेकडे बघत होती. किती दिवस तिला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर कुणी हात सोडून गेल्यासारखं वाटलं.

तिच्या बोटातून रक्त काढून तपासलं. वाढलं होतं, पण अजून कमीच होतं. गोळ्या दिल्या. मग दंडात सुई दिली. "चोळू नको तिथं. आणि आयक, बाहेर मी काही सांगणार नाई. तू म्हणशील तेवढंच."

दाराशी खुशी थांबली. एक शब्द पुरला असता. गेलं, म्हटलं असतं, की सासूबाईंनी तिला कुशीत घेतलं असतं, घरानं पुन्हा एकदा रडून घेतलं असतं, आणि तिला कोणी बोल लावला नसता. मग वाटी पुन्हा भरली असती. तीन महिन्यांनी पुन्हा हीच बाज, हाच ऑटो. शिवाय बाकावर बसलेल्या त्या बाईच्या तळव्याला काहीतरी लागलं होतं, आणि ती अजून तो तळवा उताणा मांडीवर ठेवून बसली होती.

खुशी शेजारी बसली.

"आत्याबाई, कोणी नव्हतंच."

तिनं सुईचं सांगितलं. नागपंचमीपासूनचं. वच्छलाबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. आवारातल्या कडुलिंबाखाली विठ्ठलराव ऑटोवाल्यापाशी उभे होते. ते इकडं पाहत होते आणि जवळ येत नव्हते.

"माह्यापासून लपवलं तुनं," वच्छलाबाई शेवटी म्हणाल्या.

"तुमी इचारलं नाई."

"इचारता येत होतं का मले?"

"मले बी सांगता येत होतं का?" खुशी त्यांच्याकडे वळली. "यवतमाळच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, तुमी आयकलं होतं. दोन साल. मी मेली असती तं, आत्याबाई?"

वच्छलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या सुनेचा चेहरा पाहत होत्या की होळीच्या वेळी यवतमाळच्या खाटेवर पाहिलेला, सरकीसारखा रंग उडालेला, तो दुसरा चेहरा, कोण जाणे.

"मले वाटलं, ते स्वतःहून आलं," त्या म्हणाल्या. "तेच परत आलं. बलावलं नसताना आलं, तं आता त्याले जा कसं म्हणा?" मग खालच्या आवाजात, "मंग वाटी कोण खाऊन राह्यलं, खुशी?"

"तुमी काढून टाकत होत्या ना सकाळी?"

"मी कायले काढू?"

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. दवाखान्याच्या आवारात ऊन होतं, कोणाचं तरी मूल रडत होतं, पाण्याच्या टाकीपाशी बाया भांडत होत्या. तरी खुशीनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

परतीच्या रस्त्यात वच्छलाबाई बाहेरच्या कापसाकडे पाहत होत्या. हात मात्र खुशीच्या हातावर होता. गावाच्या फाट्यापाशी त्यांनी विचारलं, "परत कधी लागते ते सुई?"

"तीन महिन्यानं."

"म्हणजे चैतात. मी येईन संगं. तू चुकवशील." थोड्या वेळानं म्हणाल्या, "अमरले मी सांगतो. तू सांगशील तं तो मलेच फोन करून इचारीन." खुशीला हसू आलं, आणि ते दाबायच्या आत विठ्ठलराव पुढच्या सीटवरून मागं न पाहता म्हणाले, "मंग ते दोरी?"

"बैलाले होईन," वच्छलाबाई म्हणाल्या.

दिवेलागणीला त्यांनी फडताळावरचं ताट काढलं, गिलास काढला आणि ती भांडी परत कोनाड्यात पालथी घातली. मग दूधभात कालवला. खुशी दारातून पाहत होती. तिला वाटलं होतं, आज वाटी ठेवणार नाहीत. त्यांनी वाटी भरली, जागेवर ठेवली, आणि ज्या गोष्टीचं नाव इतके दिवस घरात काढायचं नव्हतं, तिच्याशी मोठ्यानं बोलल्या. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल, तर ऐकलं.

"आयक रे बापू. आता नाई यायचं. तुही माय कच्ची हाये अजून. दोन साल तिथंच खेळ, पळसाखाली. मी बलावतो तुले. मी बलावल्याबिगर यायचं नाई, समजलं?"

मग त्यांनी वाटीपाशी दिवा लावून ठेवला. कोनाड्यातल्या दिव्याची ज्योत जरा वाकली आणि सरळ झाली.

सकाळी खुशी आधी उठली. तिळाचे दाणे अजून फटींमध्ये अडकलेले होते, ते तळव्याला टोचले. वाटी होती तिथंच होती. भात होता तसा होता. वर सुकून पापुद्रा धरलेला, बोटाची खूणही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मागून वच्छलाबाई आल्या. त्यांनीही वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"समजदार हाये," त्या म्हणाल्या. "बापावर नाई गेलं."

आणि वाटी उचलून, भात चिमण्यांना टाकायला अंगणात गेल्या. दारातून बाहेर पडल्यावर त्यांनी सवयीनं क्षणभर दार धरून ठेवलं. मग लोटून घेतलं.